गचके देणारी गाडी : रोग कोठे आणि उपचार कोणता?

कावेरीच्या खोऱ्यात मोटार चालविणाऱ्याला घाटाचे भय नसते. तंजावरहून कुंभकोणमकडे जावे, त्रिचीकडे जावे अथवा नागपट्टणमच्या समुद्रकिनाऱ्याची वाट धरावी. दोन्ही बाजूंस भाताची खाचरे, मधून मधून कालवे आणि तळहातासारखा सपाट मुलूख. अशा प्रदेशात गाडीच्या गिअरांना विशेष कष्ट पडत नसतील, असे सहजच वाटते. परंतु आतल्या दुपदरी रस्त्यांवर गाडीची खरी परीक्षा चढणावर होत नाही, ती पुढच्या वाहनास मागे टाकताना होते. पेंढ्याने भरलेला ट्रॅक्टर संथपणे पुढे चाललेला असतो, समोरून येणारी बस अद्याप दूर असते. चालक गिअर खाली घेतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि गाडीने एका दमात पुढे जावे अशी अपेक्षा करतो. नेमक्या त्याच क्षणी गाडी पुढे झेपावण्याऐवजी अडखळली, गचके देऊ लागली, तर बस आणि ट्रॅक्टर यांच्यामधील अंतर पाहता पाहता आटून जाते. मागच्या आसनावर मुलेबाळे बसलेली असताना हा प्रसंग किती कठीण ठरतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

याच दोषाची दुसरी बाजू खर्चाची आहे. गचके देणारी गाडी घेऊन गृहस्थ कारखान्यात जातो आणि “गिअरबॉक्स उघडावा लागेल” हे शब्द ऐकताच त्याचे वर्षभराचे अंदाजपत्रक कोलमडते. पुष्कळदा असे होते की गिअरबॉक्स उघडला जातो, पुन्हा बसविला जातो, पैसेही मोजले जातात, आणि गाडी पूर्ववत गचके देतच घरी परतते. कारण दोष तेथे नव्हताच. म्हणून वाचकांनी या विषयाची ओळख करून घेणे हिताचे आहे. स्वतः हातात पाना घेण्यासाठी ही माहिती देत नाही. योग्य प्रश्न विचारता यावा आणि अनावश्यक खर्च टळावा, एवढाच तिचा हेतू आहे.

तंजावरचा एक जुना धडा

तंजावरच्या मराठी राजघराण्यातील दुसरे सरफोजी राजे (१७७७–१८३२) यांच्या नावाशी निगडित असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या व ग्रंथ यांच्याबरोबरच त्यांच्या काळातील नेत्ररोग्यांच्या नोंदीही जपलेल्या आहेत. त्यांतील काहींत रोगी डोळ्यांची चित्रे काढलेली आहेत. आधी नीट पाहावे, पाहिलेले लिहून ठेवावे आणि मगच उपचारास हात घालावा, हा त्या नोंदींतून मिळणारा धडा डोळ्यांइतकाच यंत्रांनाही लागू पडतो. मोटारीच्या बाबतीत आपण बहुधा याच्या उलट करतो. प्रथम भाग बदलतो, आणि लक्षणांचा विचार मागाहून करतो.

शक्तीचा प्रवास

इंजिनात निर्माण झालेली शक्ती चाकांपर्यंत थेट पोहोचत नाही. प्रथम ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये जाते. तेथून डिफरन्शियलमध्ये आणि अखेर अ‍ॅक्सलमार्गे चाकांत उतरते. १९५७ ते २०१४ या काळात बनलेल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रीमिअर पद्मिनीत ही शक्ती एका लांब प्रॉपेलर शाफ्टने मागील चाकांकडे नेलेली असे. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स समोरच आडवे बसविलेले असून पुढचीच चाके गाडीला ओढतात. रचना बदलली, तरी तत्त्व तेच राहिले.

गिअरांचे मुख्य कार्य म्हणजे फेऱ्या कमी करून जोर वाढविणे. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण साडेतीनास एक आणि डिफरन्शियलचे चारास एक आहे. या दोहोंचा गुणाकार चौदा होतो. म्हणजे इंजिनाची पिळण्याची शक्ती पहिल्या गिअरमध्ये चाकाशी सुमारे चौदापट होऊन पोहोचते. पाचव्या गिअरचे प्रमाण शून्य दशांश आठ धरले, तर तीच शक्ती सुमारे सव्वातीनपटच होते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. इंजिनातील लहानशी अडखळदेखील खालच्या गिअरमध्ये चौपटीहून अधिक मोठी होऊन प्रवाशांना जाणवते. सबब, गचका खालच्या गिअरमध्ये अधिक जाणवतो एवढ्यावरून गिअरला दोषी ठरविणे न्याय्य नव्हे.

दुसरी गोष्ट सैलपणाची. मालगाडी सुटताना एकामागून एक डब्यांच्या कड्या ताणल्या जातात आणि खणखणाट मागेपर्यंत धावत जातो, हे आपण फलाटावर उभे राहून पाहिले असेल. मोटारीतही दात्यादात्यांमध्ये आणि सांध्यासांध्यांमध्ये किंचित मोकळीक ठेवलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ही मोकळीक एका बाजूस भरते, सोडला की दुसऱ्या बाजूस. ती मर्यादेत असेपर्यंत कळून येत नाही. झीज होऊन ती वाढली की प्रत्येक वेळी धक्का बसू लागतो.

प्रथम नोंद, मग निदान

एका छोट्या वहीत पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात. गचका गाडी थंड असताना येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना निघताना येतो, की धावत असताना वेग वाढविताना? एकच धक्का बसतो, की सतत थरथर होते? त्या वेळी वेग किती होता, गिअर कोणता होता आणि इंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा कोठे होता?

या नोंदींतून तीन प्रकारचे निष्कर्ष निघतात. गिअर कोणताही असो, इंजिनाच्या फेऱ्या विशिष्ट आकड्यावर आल्या की गचके सुरू होत असतील, तर संशय इंजिनावर घ्यावा. गिअर कोणताही असो, पण गाडीचा वेग विशिष्ट आकड्यावर आला की थरथर होत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या पलीकडे, अ‍ॅक्सल किंवा चाके यांच्यात असण्याचा संभव अधिक. आणि तक्रार केवळ एकाच गिअरमध्ये होत असेल, इतरांत मुळीच नसेल, तेव्हाच गिअरबॉक्सकडे बोट दाखवावे. ही कसोटी सपाट आणि रिकाम्या रस्त्यावर, सोबतीस कोणाला तरी लिहून घेण्यासाठी बसवून करावी. चालकाने स्वतः लिहिण्याचा प्रयत्न करू नये.

इंजिनाची परीक्षा

वेग वाढविताना येणाऱ्या गचक्यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट न पडणे किंवा इंधन पुरेसे न पोहोचणे. झिजलेले प्लग, कमकुवत झालेली इग्निशन कॉइल, तुंबलेले फ्युएल फिल्टर, धुळीने भरलेले एअर फिल्टर, मळलेली थ्रॉटल बॉडी ही त्यांतील परिचित नावे होत. गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन वाढविले असता ते सुरळीत चालले, तर इंजिन निर्दोष आहे असा निर्णय लगेच देऊ नये. भार नसताना कमकुवत ठिणगीही काम भागविते. भार पडताच ती अपुरी ठरते.

आजच्या गाड्यांत या कामी एक मोठे साहाय्य उपलब्ध आहे. गाडीतील नियंत्रक यंत्र आपल्या स्मृतीत दोषांचे सांकेतिक क्रमांक साठवून ठेवते आणि कारखान्यातील स्कॅनर जोडला की ते वाचता येतात. पी ०३०० हा क्रमांक सिलिंडर निश्चित न करता येणाऱ्या हुकलेल्या स्फोटांचा द्योतक आहे. पी ०३०१ ते पी ०३०४ हे अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचा निर्देश करतात. आणि पी ०७०० हा गिअर नियंत्रणाच्या बाजूने तक्रार आल्याचे सुचवितो. हा क्रमांक म्हणजे अंतिम निर्णय नव्हे. तो केवळ कोणत्या दाराशी चौकशी करावी, हे दाखवितो.

क्लचची परीक्षा

गाडी जागेवरून निघताना, क्लच सोडता सोडता थरथर होते आणि क्लच पूर्णपणे सुटला की ती नाहीशी होते, असे असेल तर दोष बहुधा क्लचमध्ये असतो. क्लचच्या तबकडीवरील अस्तर झिजलेले असेल, गळतीमुळे त्यावर तेल पसरले असेल, किंवा अतिउष्णतेने फ्लायव्हीलच्या पृष्ठभागावर डाग पडले असतील. तेल पसरले असेल तर केवळ तबकडी बदलून भागत नाही. ज्या सीलमधून तेल गळते ते सीलही त्याच वेळी बदलले पाहिजे, अन्यथा नवी तबकडीही लवकरच निकामी होते.

क्लच घसरणे हा निराळा प्रकार होय. वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जात असता अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि फेऱ्यांचा काटा भर्रकन वर चढला, पण वेग मात्र त्या मानाने वाढला नाही, तर क्लच पकड सोडीत आहे असे समजावे. क्लचवर सतत पाय ठेवून गाडी चालविण्याची सवय या रोगाला आमंत्रण देते. तंजावरच्या मोठ्या देवळाभोवतालच्या गर्दीत काय किंवा पुण्यामुंबईच्या चौकांत काय, अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी रेंगाळत ठेवण्यापेक्षा न्यूट्रलमध्ये आणून ब्रेक धरावा, हे केव्हाही उत्तम.

सांधे आणि माउंटिंग

तंजावरची मान डोलावणारी बाहुली महाराष्ट्रातही अनेक घरांत पोहोचली आहे. तिला हलकासा स्पर्श केला की मान, धड आणि घागरा आपापल्या परीने डोलू लागतात, कारण हे भाग टेकूवर मोकळे तोललेले असतात. बाहुलीच्या अंगी हा गुण शोभतो. इंजिनाच्या अंगी तो दोष ठरतो. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीच्या सांगाड्यावर रबरी माउंटिंगवर बसविलेले असतात. उष्णतेने आणि वयाने रबर कडक होते, चिरते, प्रसंगी तुटते. मग अ‍ॅक्सिलरेटर दाबताच संपूर्ण इंजिन मागे झुकते, सोडताच पुढे येते, आणि प्रत्येक वेळी “धप्प” असा आवाज होऊन गाडीस हिसका बसतो. गिअरबॉक्सच्या दुरुस्तीशी तुलना करता माउंटिंग बदलण्याचा खर्च पुष्कळच कमी असतो. म्हणून त्याची तपासणी आधी झाली पाहिजे. ही तपासणी बॉनेट उघडून जाणत्या मिस्त्रीनेच करावी. इंजिन चालू असताना गाडीच्या पुढे अथवा मागे कोणीही उभे राहू नये.

मागील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, ज्यांना मिस्त्री लोक “क्रॉस” म्हणतात, झिजले की गाडी सुटताना एकच टणक आवाज येतो. पुढील चाकांनी चालणाऱ्या गाड्यांत आतल्या बाजूचा सी. व्ही. जॉइंट झिजला असता वेग वाढविताना थरथर होते. बाहेरचा झिजला असता गाडी वळविताना कट्‌कट् असा आवाज येतो. या जॉइंटांवर रबरी बूट असतात. बूट फाटला की आतील ग्रीस बाहेर उडते आणि धूळपाणी आत शिरते. वेळीच बूट बदलला तर जॉइंट वाचतो.

साध्या, हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत गिअर एकदा बसल्यानंतर वेग वाढविताना येणारा गचका खुद्द गिअरबॉक्समुळे क्वचितच येतो. गिअरबॉक्सच्या रोगाची लक्षणे निराळी आहेत : गिअर आपोआप निसटणे, गिअर टाकताना दाते खरखरणे, विशिष्ट गिअरमध्ये सतत घरघर येणे. १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांत सिंक्रोमेशची योजना झाल्यापासून गिअर बदलणे सुलभ झाले. मात्र त्यांतील पितळी कड्या झिजल्या की खरखर पुन्हा सुरू होते. तेल बदलताना गाडीच्या पुस्तिकेत नमूद केलेल्या प्रतीचेच वापरावे, कारण चुकीच्या प्रतीचे तेल या कड्यांना बाधू शकते.

स्वयंचलित गिअरांच्या गाड्या

ओल्ड्समोबिल गाड्यांत १९४० च्या नमुन्यापासून हायड्रामॅटिक हा पूर्णपणे स्वयंचलित गिअरबॉक्स मिळू लागला आणि चालकाचा डावा पाय मोकळा झाला. या पद्धतीत तेलाच्या दाबाने आतील क्लच आवळले व सोडले जातात. यामुळे तेल हे येथे केवळ वंगण नसते. तेच शक्ती वाहते, तेच दाब देते आणि तेच उष्णता वाहून नेते. तेलाची पातळी घटली की पंप हवा ओढू लागतो, दाब अस्थिर होतो, आतील क्लच आधी घसरतो आणि मग एकदम आवळतो. त्या आवळण्यालाच आपण गचका म्हणतो.

पुष्कळ गाड्यांत हे तेल मुळात तांबडे व स्वच्छ असते. ते काळसर तपकिरी झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर आतील अस्तर झिजत आहे असे समजावे. अनेक नव्या गाड्यांत पातळी पाहण्याची पट्टीच नसते. त्यांची तपासणी ठराविक तापमानास कारखान्यातच करावी लागते.

ताशी साधारण ५० ते ८० किलोमीटर वेगाने, अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबलेला असता, जाड पट्टे ओढलेल्या रस्त्यावरून जात असल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचचा संशय घ्यावा. मिस्त्री चाचणीच्या वेळी, मागे वाहन नसल्याची खात्री करून, ब्रेकच्या पेडलला अगदी हलका स्पर्श करतो. त्यासरशी लॉकअप सुटतो आणि थरथर थांबली तर निदानास पुष्टी मिळते. अशा अनेक प्रसंगी योग्य प्रतीचे तेल बदलण्याने गुण येतो. तेवढ्याने न भागल्यास मग दाब नियंत्रित करणारे सोलेनॉइड आणि व्हॉल्व्ह बॉडी यांची पाळी येते.

भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर लहान गाड्यांत ए. एम. टी. पद्धती आली. हिला पुरती स्वयंचलित म्हणणे योग्य होणार नाही. क्लच आणि गिअर नेहमीचेच. केवळ ते हलविण्याचे काम यंत्र करते. गिअर बदलताना शक्ती क्षणभर तुटते आणि प्रवाशांच्या माना किंचित डोलतात. हा या पद्धतीचा स्वभाव आहे, रोग नव्हे. गिअर बदलण्याच्या बेतास अ‍ॅक्सिलरेटर थोडा सैल सोडला की हे डोलणे पुष्कळ कमी होते. पूर्वी न येणारा हिसका नव्याने येऊ लागला, तर मात्र क्लचची झीज पाहावी आणि नियंत्रक यंत्रास क्लचच्या पकडीचा बिंदू पुन्हा शिकविण्याची प्रक्रिया कारखान्यात करून घ्यावी.

पावसाळ्याचा विचार

तंजावरकडे मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, महाराष्ट्रात तो जून ते सप्टेंबरमध्ये. पाऊस केव्हाही येवो, साचलेल्या खोल पाण्यातून गाडी नेण्याचा परिणाम एकच. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक बारीक छिद्र असते. तापलेला गिअरबॉक्स पाण्यात बुडून एकदम थंड झाला की आतील हवा आकुंचन पावते आणि त्या वाटेने पाणी आत ओढले जाऊ शकते. तेल दुधासारखे गढूळ दिसू लागले, तर पाणी शिरले हे निश्चित. अशा वेळी विलंब न लावता सर्व तेल काढून नवे भरावे. पाणी आत राहिले तर बेअरिंगना गंज चढतो, आणि स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचची अस्तरे सुटू लागतात.

उपचाराचा क्रम आणि मिस्त्रीशी संवाद

उपचार नेहमी सोप्याकडून कठिणाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे न्यावा. प्रथम सांकेतिक क्रमांक वाचावेत. नंतर प्लग, कॉइल आणि फिल्टर तपासावेत. मग माउंटिंग, जॉइंट आणि रबरी बूट पाहावेत. त्यानंतर तेलाची पातळी, रंग आणि वास यांचा विचार करावा. मग क्लच. आणि या सर्वांतून गचका टिकून राहिला, तरच गिअरबॉक्स उघडण्यास संमती द्यावी. एका वेळी एकच बदल करावा. तीन भाग एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कोणत्या भागाने गुण आला हे कधीच कळत नाही.

तंजावरच्या मराठी घरांत बोली मराठी असते आणि बाजारात तमिळ चालते. क्लच आणि गिअर हे शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच, म्हणून कारखान्यात भाषेची अडचण पडत नाही. अडचण पडते ती अपुऱ्या वर्णनाची. “गाडी बिघडली आहे” असे सांगण्यापेक्षा “गाडी तापल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, वीस ते तीसच्या वेगात, अर्धा अ‍ॅक्सिलरेटर दाबला असता तीन-चार गचके येतात” असे सांगितले, तर जाणत्या मिस्त्रीचे निम्मे काम झालेच. त्याला शेजारी बसवून तोच गचका दाखवावा. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा. बदललेले जुने भाग परत मागावेत. प्रामाणिक कारागिराला त्यात अपमान वाटत नाही.

केव्हा थांबावे

काही लक्षणे प्रवास पुढे चालू ठेवण्यास मनाई करतात. इंजिनाचा सूचक दिवा लुकलुकू लागला, तर न जळलेले इंधन धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला अतिशय तापवीत असते. वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. जळका वास, गाडीखाली तेलाचे थारोळे, गिअर आपोआप निसटणे, ही लक्षणेही तशीच गंभीर होत. स्वयंचलित गाडी ओढून न्यावयाची झाल्यास तिची चालणारी चाके जमिनीवर फिरू देऊ नयेत. शक्यतो ती वाहनावर चढवूनच न्यावी.

आणि गचक्याचे कारण सापडेपर्यंत एक नियम कटाक्षाने पाळावा. दुपदरी रस्त्यावर कोणत्याही वाहनास मागे टाकण्याचा मोह धरू नये. पेंढ्याच्या ट्रॅक्टरमागून वीस मिनिटे सावकाश गेल्याने कुंभकोणम काही दूर जात नाही. गाडीचा रोग बरा झाला की तीच वाट पुन्हा वेगाने चालता येते. तोवर धीर धरणे हाच कुटुंबाच्या हिताचा मार्ग होय.